अंगठ्याखालचं कॉम्प्रेशन

छताच्या लोखंडी अँगलला सलाइनची बाटली उलटी टांगली आहे आणि तिच्यात पेट्रोल आहे. बाटलीची नळी खाली येऊन थेट कार्ब्युरेटरला जोडलेली. गाडीची मूळ टाकी कोपऱ्यात वाळत उभी आहे, आतला गंज नुकताच काढलाय. ती बसवण्याआधी इंजिन बोलतं का एवढंच बघायचं तर हा जुगाड पुरतो. बाटली कुठल्या दवाखान्यातून आणली यावरून थोडी थट्टा होते. मिस्त्री त्यात नाहीत. नळीवरचं छोटं चाक बोटाने फिरवून ते धार तोडतात आणि पोराला विचारतात, "वाळू कुठंय?"

पोरगा बादली पायाने पुढे सरकवतो.

"हाताजवळ. पायाजवळ न्हाय."

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आज सुट्टी आहे, म्हणून एवढं बोलणं ऐकू येतं. एरवी या गल्लीत लेथ, ड्रिल आणि ग्राइंडर सुरू असले की माणसं निम्मं काम खुणांनी भागवतात. आज सगळी शटरं खाली आहेत, हे एक अर्धं वर. आत, तेल पिऊन काळ्या पडलेल्या फरशीवर, 1955 सालची फियाट 1100 उभी आहे. नाक गोल, पाठ गोल, मडगार्डं फुगीर. आपल्याकडे हिला डुक्कर फियाट म्हणत आले आहेत आणि मालकसुद्धा लाडाने तेच म्हणतात. रंग सध्या कुठलाच नाही. निम्मं अंग लाल प्रायमरचं, जागोजागी लांबी भरून घासलेले राखाडी ठिपके, आणि डावीकडचं पुढचं दार तेवढं उघड्या पत्र्याचं, चकचकीत.

मालक म्हणजे कॉलेजातून निवृत्त झालेले, पदार्थविज्ञान शिकवणारे गृहस्थ. इथे सगळे त्यांना सर म्हणतात. गडहिंग्लजकडच्या एका वाड्याच्या पडवीत त्यांना ही गाडी सापडली, तेव्हा मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत होत्या. ऐकणाऱ्याचा विश्वास बसत नाही हे त्यांना ठाऊक आहे, म्हणून फोनमधला फोटो तयारच असतो. फोटोत कोंबडी खरोखर आहे, आणि ती बाहेर यायला तयार दिसत नाही.

भिंतीलगत सरांचं टेबल आहे. त्यावर खाऊच्या पुड्या असाव्यात तशा प्लास्टिकच्या लहान पिशव्या ओळीने मांडलेल्या, प्रत्येकीत नट, बोल्ट, वॉशर, क्लिपा, आणि वर सरांच्या अक्षरातली चिठ्ठी. एक उचलून वाचतो: "मागचं उजवं दार, वरची बिजागरी, 4 स्क्रू, पैकी 1 मूळचा नाही." जुन्या गाड्यांची हौस म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे पांढरे हातमोजे, टोपी आणि रॅलीतला हारतुरा येतो. त्यातला बहुतेक वेळ खरं तर या टेबलापाशी जातो. रॉकेलच्या ताटलीत बोल्ट बुडवायचा, तारेच्या ब्रशने घासायचा, आटे शाबूत आहेत का बघायचं, आणि तो कुठून निघाला ते विसरण्याआधी लिहून ठेवायचं. मिस्त्रींनी सरांना इंजिन उघडू दिलेलं नाही. चिठ्ठ्यांच्या बाबतीत मात्र स्वतः मिस्त्रीही सरांना विचारल्याशिवाय पिशवी फोडत नाहीत.

"प्लग?" मिस्त्री विचारतात.

"घासून ठेवलेत. चार," सर म्हणतात.

"पॉइंट?"

"नवे. गॅप तुम्हीच बघितलाय."

मिस्त्री तरीही डेल्कोचं, म्हणजे डिस्ट्रिब्युटरचं, झाकण काढून पुन्हा एकदा पत्ती घालून गॅप बघतात. सरांना याचा राग येत नाही. प्रयोगशाळेत त्यांनीही हेच केलं असणार.

इंजिन लहान आहे. चार सिलिंडर, 1089 सीसी. पिस्टनचा व्यास 68 मिलिमीटर, धाव 75. नवी होती तेव्हा गाडी 36 अश्वशक्ती द्यायची, आणि तेवढ्यावर घरातली सहा माणसं, डिकीत ट्रंक आणि टपावर वळकटी घेऊन घाट चढायची. ब्लॉक बिडाचा, वरचं हेड अॅल्युमिनियमचं. या जोडीतच तिचं दुखणं आहे. रेडिएटर चोंदला, पंख्याचा पट्टा सैल झाला, माणूस तसाच हाकत राहिला, की अॅल्युमिनियम तापून वाकतं. मग गॅस्केट जातं, पाणी तेलात उतरतं आणि तेलाचा रंग चहासारखा होतो. ही गाडी पडवीत जाऊन बसली ती अशाच अवस्थेत. हेड सपाट करून घेतलंय, व्हॉल्व्हच्या सीटा नव्या, कडक धातूच्या घातल्यात. जुन्या पेट्रोलात शिसं असायचं आणि ते व्हॉल्व्हच्या बुडाला थोडं जपायचं. 2000 सालापासून आपल्याकडे शिशाचं पेट्रोल बंद आहे. आता पेट्रोलात इथेनॉल आलंय, ते जुनं रबर खातं आणि हवेतलं पाणी ओढून घेतं. म्हणून पेट्रोल पंपाचा पडदा आणि सगळ्या नळ्या बदलल्यात. सरांच्या वहीत या प्रत्येकापुढे दोन शब्द आहेत: मूळचा नाही.

मिस्त्रींचा हात या इंजिनावर बसलाय तो मुंबईत. पोरवयात ते कुर्ल्याला एका गॅरेजात होते आणि दिवसाला किती टॅक्स्यांची हेडं उतरवली जायची याची गणती कुणी ठेवत नव्हतं. टॅक्स्या म्हणजे प्रीमियर पद्मिनी. तिचं अंग वेगळं, चौकोनी, पण आत धडधडणारं यंत्र याच घराण्यातलं, तेच 1089 सीसी. म्हणून डुकराला लागणाऱ्या पिस्टनच्या रिंगा, बेअरिंगं, गॅस्केटं पद्मिनीच्या नावावर मिळत आली. मुंबईत काळीपिवळी पद्मिनी टॅक्सी म्हणून शेवटची नोंदली गेली 2003च्या ऑक्टोबरात, आणि टॅक्सीला वयाची मर्यादा 20 वर्षं, त्यामुळे 2023च्या ऑक्टोबरअखेर ती रस्त्यावरून गेली. तेव्हा वर्तमानपत्रांतून पुष्कळ हळवं छापून आलं. मिस्त्रींना आठवण वगैरे आली नाही, त्यांना रिंगांची काळजी लागली. टॅक्स्या संपल्या की दुकानदार माल कशाला ठेवील?

लेथवाले आण्णा शटरखालून वाकून आत येतात. त्यांची स्वतःची सुट्टी आहे, पण आपण केलेली वस्तू चालते की नाही हे बघायला आलेत. दारांच्या बिजागऱ्यांच्या पिना त्यांनी कातल्या, ब्रेकच्या व्हील सिलिंडरांना आतून स्लीव्ह त्यांनी बसवल्या. ड्रॉइंग मागितलं नाही. सरांनी काढून आणलं होतं, तीन बाजूंनी, मापांसकट. आण्णांनी कागद बाजूला ठेवला आणि म्हणाले, "नमुना द्या." झिजलेली पीन हातात घेतली, न झिजलेल्या टोकाला व्हर्नियर लावला, आणि झालं. कोल्हापूरला ही खोड जुनी आहे. बाबूराव पेंटरांनी परदेशी कॅमेरा बघून तसा कॅमेरा इथेच घडवला आणि त्यावर सिनेमे काढले, त्या गावात एका पिनेचं काय एवढं.

"झालं का न्हाय अजून?" आण्णा विचारतात.

"बोलू नका आता," मिस्त्री म्हणतात. "सर, चावी."

सर ड्रायव्हरच्या जागी बसतात. जागा म्हणजे ऑइलचा उपडा डबा, सीटा रेक्झिनवाल्याकडे आहेत. चावी फिरते, डॅशबोर्डावरचा लाल दिवा लागतो. मिस्त्री नळीवरचं चाक सोडतात, कार्ब्युरेटरच्या वाटीत पेट्रोल भरल्याचा अंदाज घेतात, चोक ओढायला सांगतात.

"मारा सेल्फ."

घर्र, घर्र, घर्र. पंखा फिरतो. मग एकदम कार्ब्युरेटरच्या तोंडातून फट्ट असा आवाज आणि वीतभर निळी जीभ. पोरगा मागे उडी मारतो. मिस्त्रींनी चाक केव्हाच बंद केलंय. बादलीतली वाळू बादलीतच.

"परत."

परत फट्ट. या वेळी सायलेन्सरमधूनही एक. रस्त्यावरचं कुत्रं उठून निघून जातं.

आता सल्ले सुरू होतात. डाव्या दारापाशी बसलेले डेंटर म्हणतात, वायरी उलट्यासुलट्या असतील. सर म्हणतात, मिश्रण पातळ असेल. आण्णांना व्हॉल्व्हचा संशय, कारण व्हॉल्व्हची गाइडं त्यांनी केलेली नाहीत, दुसऱ्याने केलीत. मिस्त्री सगळ्यांचं ऐकून घेतात, निदान तसं दाखवतात, आणि प्लगचा पाना उचलून चारही प्लग काढून सरांच्या टेबलावर ठेवतात. सर लगेच प्रत्येकाखाली नंबर लिहिलेला कागद सरकवतात.

"इकडं ये," मिस्त्री पोराला म्हणतात. "एक नंबरच्या भोकावर अंगठा लाव. दाबून. हवा सुटाय नको."

पोराचं वय असेल सतरा-अठरा. आयटीआयला जातो आणि सुट्टीला इथे येतो. तो रेडिएटरवरून वाकून अंगठा लावतो. मिस्त्री पंख्याचं पातं धरून इंजिन हाताने फिरवायला लागतात, सावकाश.

"काय लागतंय?"

"काय न्हाय."

अजून अर्धा फेरा. पुलीवरची खूण वर येते, ठोकळ्यावरच्या खुणेला भिडते.

"आता?"

"न्हाय, कायच न्हाय."

"खूण तर आली की."

पोरगा खुणेकडे बघतो, अंगठ्याकडे बघतो. मिस्त्री न थांबता पंखा पुढे फिरवतात. खूण निघून जाते, खाली जाते, पुन्हा वर यायला लागते. पोराचा चेहरा बदलतो.

"ढकलतंय! मामा, अंगठा ढकलतंय!"

"हां. धरून ठीव. आलं बघ वर." खूण पुन्हा तिथेच येऊन थांबते. मिस्त्री डेल्कोचं झाकण काढतात. आतला रोटर एक नंबरच्या वायरीकडे तोंड करून असायला हवा. तो नेमका समोर, चार नंबरकडे बघतोय.

सर डब्यावरून उठून येतात. त्यांच्या चेहऱ्यावर मी जे बघतोय तो आनंदच आहे. चार धावांचं इंजिन: पिस्टन दोनदा वर येतो, एकदा मिश्रण दाबायला आणि एकदा धूर बाहेर ढकलायला. पुलीवरची खूण दोन्ही वेळा जुळते. डेल्को मात्र इंजिनाच्या निम्म्या गतीने फिरतो, त्याला यातली एकच वेळ हवी असते. फायरिंगचा क्रम एक, तीन, चार, दोन. एकच्या बरोबर समोर चार. पोराने काल खूण जुळवून डेल्को बसवला आणि घरी गेला. अर्धा फेरा चुकला. ठिणगी पडते, पण धूर बाहेर जाऊन नवं मिश्रण आत येऊ लागतं त्या घडीला, म्हणून भडका कार्ब्युरेटरमधून.

"वर्गात मी हे फळ्यावर काढायचो," सर म्हणतात.

"खूण बरोबर बघितलीस," मिस्त्री पोराला म्हणतात. "पर ती दोनदा येती." एवढंच. रागवत नाहीत. चारही वायरी झाकणावर दोन-दोन घरं पुढे सरकवल्या असत्या तरी काम भागलं असतं, आणि घाईतलं गॅरेज तेच करतं. मग पुढचा माणूस पुस्तकाप्रमाणे बघायला गेला की खुळा होतो. मिस्त्री बोल्ट सोडून डेल्को उचलतात, अर्धा फेरा देऊन पुन्हा खाली सोडतात, आणि पॉइंटांना छोटा बल्ब जोडून तो नेमका कुठे पेटतो ते पोराला बघायला लावतात. बल्ब पेटला की पॉइंट उघडले, पॉइंट उघडले की ठिणगी. पोरगा डेल्को रोमभर इकडे, रोमभर तिकडे फिरवत बसतो. त्याचा अंगठा अजून काळा आहे आणि त्यावर भोकाची गोल कडा उमटली आहे.

या वेळात डेंटर चहा सांगतात. चहा येतो तसं बोलणं नियमांवर येतं. सरांच्या गाडीला मुंबई राज्याच्या वेळचा, 'बी'ने सुरू होणारा नंबर आहे आणि कागदपत्रं जिवंत आहेत, हे त्यांचं भाग्य. 2021 साली केंद्राने विंटेज गाड्यांसाठी नियम केले. 50 वर्षांहून जुनी, मूळ ढाच्यात मोठे फेरफार न केलेली गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते. नवी नोंदणी असेल तर 'व्हीए' अक्षरांचा नंबर, 20,000 रुपये शुल्क, मुदत 10 वर्षं. जुना नंबर असेल तर तो ठेवता येतो. मात्र अशी गाडी घेऊन रोज मंडईला जायचं नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल आणि दुरुस्ती, एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायची.

"मग इथं आणायला परवानगी हाय म्हणायची," आण्णा म्हणतात. "दुरुस्ती."

"इथून ती बाहेर कधी जाणार तो प्रश्न आहे," सर म्हणतात.

कोल्हापूरकरांना जुनी गाडी म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. दसऱ्याला छत्रपतींची मेबॅक निघते तेव्हा अख्खं गाव तिच्याकडे बघतं. मला स्वतःला मेबॅकपेक्षा ही फियाट बघायला जास्त आवडते. मेबॅक कुणाच्या मालकीची असू शकते हे तेव्हाही ठरलेलं होतं. फियाट डॉक्टरची होती, वकिलाची होती, साखर कारखान्याच्या चेअरमनची होती, आणि पुढे त्यांच्याकडून दुसऱ्या-तिसऱ्या हाताने मास्तरांकडेही आली. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, 1947मध्ये कुर्ल्यात क्रायस्लरच्या गाड्यांची जुळणी सुरू झाली. 1953मध्ये वालचंद गेले. त्याच वर्षी इटलीत ही नवी 1100 आली आणि 1954पासून ती कुर्ल्यात जुळू लागली. सरकारचं धोरण असं, की ज्यांना इथे भाग बनवायचे नाहीत त्यांनी नुसती जुळणी करू नये. फोर्ड आणि जनरल मोटर्स निघून गेले. फियाट राहिली, म्हणून तर आज तिच्या पिनेचा नमुना आण्णांच्या हातात येतो.

"चला," मिस्त्री कप खाली ठेवतात.

प्लग बसतात, वायरी बसतात. या वेळी सर डब्यावर बसताना चष्मा काढून खिशात ठेवतात, का ते कळत नाही. घर्र, घर्र, आणि मग मध्येच त्या घरघरीला दुसरा आवाज लागतो. इंजिन धरतं. एकदा अडखळतं, मिस्त्री कार्ब्युरेटरचा खटका बोटाने ओढून धरतात, पुन्हा धरतं. आणि राहतं.

मागून पांढरानिळा धूर इतका येतो की गल्लीतलं समोरचं शटर दिसेनासं होतं. जुळणी करताना सिलिंडरांना चोळलेलं तेल जळतंय, त्याची चिंता नाही. मिस्त्रींची नजर तेलाच्या दाबावर. दाब ठीक. आता नव्या रिंगा सिलिंडरला बसायच्या तर इंजिन मंद सोडून चालत नाही, जरा चढत्या वेगावर ठेवावं लागतं, म्हणून त्यांचं बोट खटक्यावरून हलत नाही. दुसऱ्या हाताने ते लांब स्क्रू ड्रायव्हर उचलतात, त्याचं टोक ब्लॉकवर ठेवतात आणि मुठीला कान लावतात. पुढे, मध्ये, मागे. मग वर, व्हॉल्व्हच्या झाकणावर. तिथून टकटक येते ती मलाही नुसत्या कानाने कळते.

"टॅपेट वाजतायत," सर ओरडून सांगतात.

"वाजू देत! वाजणारं टॅपेट जळत न्हाय!"

हे वाक्य कुठल्याही पुस्तकात असं मिळणार नाही, पण बरोबर आहे. टॅपेट थोडं सैल असेल तर आवाज करतं. घट्ट असेल तर गप्प असतं, व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही आणि त्याची कड जळत जाते.

धूर विरतो. पाणी गरम होतं. रेडिएटरच्या खालच्या नळीपाशी थेंब दिसतो, क्लिप आवळली की थांबतो. मिस्त्री पोराला बोलावून त्याचा हात खटक्यावर ठेवतात आणि स्वतः बाजूला होऊन पहिल्यांदाच गाडीकडे लांबून बघतात. पोरगा जागचा हलत नाही. पेट्रोल तोडल्यावर इंजिन आपोआप थांबतं, तेव्हा शांतता अंगावर येते आणि डेंटर म्हणतात, "झालं असंल तुमचं तर आमचंबी बघा."

डेंटरांची तक्रार रास्त आहे. सकाळपासून पेट्रोल लटकतंय म्हणून मिस्त्रींनी त्यांना वेल्डिंग करू दिलेलं नाही. आता बाटली उतरते, बाहेर जाते, फरशी पुसली जाते, शटर पूर्ण वर होतं, आणि हवा खेळून जाईपर्यंत सगळ्यांना थांबवून धरण्याची पाळी डेंटरांवरच येते, कारण वास अजून आहे.

दाराचं काम मला इंजिनापेक्षा अवघड वाटतं. या फियाटीला वेगळी चासी नाही, पत्र्याचा सांगाडा हाच तिचा कणा. पुढचं दार मागच्या बाजूला बिजागरीवर आणि मागचं दार पुढच्या बाजूला, म्हणजे दोन्ही दारं मधल्या एकाच खांबाला लटकलेली. दोन्हीकडे उघडतात. साडी सावरत बसायला सोयीची, पण चालत्या गाडीत पुढचं कुलूप निसटलं तर वारा दार उघडून फेकतो, म्हणून पुढे फियाटने ही पद्धत सोडली. तो खांब उभा असतो दाराखालच्या उंबऱ्यावर. उंबरा म्हणजे आतून पोकळ पत्र्याची पेटी. तिच्यात चिखल शिरतो, ओल राहते, आणि ती आतून सडते. बाहेरून रंग मारला की काही दिसत नाही. उंबरा सडला की खांब बसतो, खांब बसला की त्यावरची दोन्ही दारं बसतात.

"लोक दार घासत बसत्यात," डेंटर मला सांगतात. "दुखणं पायात, औषध डोस्क्याला."

त्यांनी आधी आत आडवा आणि तिरका लोखंडी पाइप मारून सांगाडा ताणून धरला, मग उंबरा कापला. आधार न देता कापला असता तर गाडी मधोमध वाकली असती आणि कायमची तशीच राहिली असती. नवा उंबरा वाकवून, दारं लावून, फटी मापून, मग टाका टाका वेल्डिंग. एका दमात लांब वेल्डिंग केलं तर पत्रा तापून ओढला जातो. आता शेवटचे टाके. निळी ठिणगी पडते, आम्ही सगळे तोंड फिरवतो. टाका गार होऊ द्यायचा, दार लावून बघायचं, पुन्हा टाका.

दार लागत नाही. वर फट जास्त, खाली घासतंय. डेंटर बिजागरीच्या फटीत लाकडाचा तुकडा धरतात आणि दार त्यावर सावकाश रेटतात. बघताना जीव दडपतो. लाकूड काढतात, दार लोटतात. अजून. पुन्हा लाकूड. वहीत टिपण घेण्याचा मोह सरांना आवरत नाही, पण यात लिहिण्यासारखं माप नाही हे त्यांच्या लक्षात येतं आणि ते पेन मिटतात. पाचसहा वेळा रेटल्यावर दार बोटाच्या दाबाने लागतं. डेंटर ते उघडून पुन्हा लावतात, आता हात न लावता, नुसतं सोडून.

रंगाचा वाद जेवणाच्या डब्यांवर होतो. डॅशबोर्ड काढला तेव्हा त्याच्या मागे, जिथे कुणाचा ब्रश कधी पोचला नाही तिथे, कारखान्याचा रंग सापडला, फिकट निळसर राखाडी. त्यावर बाहेरच्या अंगाला घासताना थर निघाले: हिरवा, पांढरा, आणि कुठल्याशा लग्नसराईतला असावा असा भडक तांबडा. सरांना कारखान्याचाच हवा. डेंटर म्हणतात, रंग हवा तो घ्या पण आजच्या टू-के पेंटमध्ये घ्या, काचेसारखी चमक येते आणि टिकतो. सर म्हणतात, काचेसारखी चमक 1955मध्ये नव्हती, ड्यूकोचा रंग हाताने पॉलिश केलेला असायचा, त्याला मऊ तकाकी. मला दोघांचंही पटतं. मिस्त्री भाकरीचा तुकडा मोडत म्हणतात, चमक रॅलीतल्या परीक्षकाला, टिकणं पावसाला. आपल्या गावात पाऊस जास्त पडतो. शेवटी ठरतं की टू-के, पण चमक मारून. सर वहीत लिहितात. काय लिहितात ते आता मला न बघताही कळतं.

दुपारी टाकी बसते. ब्रेकची हवा काढली जाते. चारही चाकांना ड्रम, चारही आण्णांच्या स्लीव्हवर. आण्णा प्रत्येक चाकामागे वाकून स्वतः बघतात की गळत नाही. मग उपडा डबा काढून एक फळकूट ठोकलं जातं, कारण फिरताना डबा सरकेल. मिस्त्री स्टिअरिंगवर, सर बाजूला, मागे मी आणि पोरगा फरशीसारख्या उघड्या पत्र्यावर. डेंटर बाहेरून दार लावतात आणि "उघडू नका, बघत ऱ्हावा नुसतं" असं बजावतात.

गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबाला. मिस्त्री पहिला टाकतात, गाडी धक्का न देता निघते आणि उद्यमनगरच्या रिकाम्या गल्लीत येते. शटरांवरून आपलाच आवाज परत ऐकू येतो. कुलूपबंद शटरच्या पायरीवर बसलेला एक वॉचमन उभा राहतो. कोपऱ्यावर सायकलवरची दोन मुलं थांबून दोन्हीकडे उघडणाऱ्या दारांवरून भांडायला लागतात. सर काचेबाहेर हात काढून आधी हवा आणि मग, जरा लाजत, दाराचा पत्रा चाचपतात.

दुसरा गिअर. गाडी वेग घेते, मिस्त्री पाय थोडा उचलतात, आणि दांडा खट्टकन आपोआप न्यूट्रलला येतो. ते पुन्हा टाकतात. पुन्हा येतो. तिसऱ्यांदा हाताने दाबून धरतात, तेव्हा राहतो. सर बघतात पण बोलत नाहीत. वळसा घेऊन, तिसऱ्यावर, ब्रेक दोनदा तपासून आम्ही शटरपाशी परत येतो. आण्णा चाकांपाशी वाकतात. कोरडी आहेत.

मिस्त्री इंजिन बंद करून तसेच बसून राहतात.

"दुसरा उड्या मारतोय, सर."

"म्हणजे?"

"म्हणजे बॉक्स खाली."

सर मागे वळून माझ्याकडे बघतात, मग टेबलाकडे. "नव्या पिशव्या लागतील," म्हणतात. "पुढच्या सुट्टीला?"

"पुढच्या सुट्टीला मेव्हण्याचं लगीन हाय, निपाणीला. त्याच्या पुढच्या."

पोराने तोवर जॅक ओढत आणून पुढे लावायला घेतलाय.

"आरं, आधी गार हू दे," मिस्त्री दार उघडत ओरडतात. "हेड कसायचंय परत. मधनं भाईर, विसरू नको."